दिवाळीपर्यंतचं पाणी

खुलताबादच्या बसमधली निम्मी माणसं भद्रा मारुतीला चाललेली असतात आणि उरलेली वेरूळला. ऋषिपंचमीच्या सकाळी यांपैकी कुठेही न जाता मी एक डबकं बघायला निघालो होतो. शेजारच्या आजोबांनी विचारलं तेव्हा "म्हैसमाळ" एवढंच सांगितलं. "गिरिजामातेला का? चांगलंय," म्हणत त्यांनी परस्पर माझ्या खात्यावर पुण्य जमा करून टाकलं.

दौलताबादच्या दिल्ली दरवाजात बस नेहमीप्रमाणे अडकली. समोरून टेम्पो, मागून गाड्यांची रांग, मध्ये किल्ल्याचा जुना दरवाजा. कुणी मागं घ्यायचं यावर दोन्ही ड्रायव्हरांची खानदानी चर्चा झाली. मग हातकागदाचं कागजीपुरा मागं पडलं आणि हिरव्या डोंगरातून चढत बस खुलताबादला टेकली. पुण्या-मुंबईच्या ज्या लोकांच्या डोक्यात मराठवाडा म्हणजे फक्त भेगाळलेली जमीन असते, त्यांना भाद्रपदात एकदा या रस्त्यानं आणायला हवं.

स्टँडवर सर मोटरसायकल घेऊन उभे होते. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि गवत हा त्यांचा खास विषय. म्हणजे विद्यार्थी ज्या धड्याला कंटाळतात नेमका तोच. खांद्याला लटकवलेल्या पिशवीत प्रा. व्ही. एन. नाईक यांच्या १९९८ सालच्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा'चा दुसरा खंड, एक भिंग, जुनी वर्तमानपत्रं आणि सुतळी. "पुस्तक कशाला? पाठच असेल तुम्हाला," मी म्हणालो. "पाठ असलेलंच चुकतं," ते म्हणाले आणि किक मारली.

खुलताबाद हे कबरींचं गाव. जर जरी जर बक्ष आणि बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे दर्गे, आभाळाखाली उघडी असलेली औरंगजेबाची कबर आणि तिच्या मातीतलं सब्जाचं रोप, हे बहुतेकांना माहीत असतं. मला थांबायचं होतं ते मलिक अंबरच्या घुमटापाशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये त्यानं खडकी गाव वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद. डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात खेळवणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. १६२६ मध्ये तो वारला आणि इथं पुरला गेला. आज तिथं आमच्याखेरीज दोन शेळ्या होत्या.

तिथं उभं राहून वाटलं, की चारशे वर्षं या मुलखाची सगळी अक्कल एकाच गोष्टीवर खर्च होत आलीय: पाणी टिकवायचं कसं. बारव, नहर, पाझर तलाव, आता प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. त्यात गैर काही नाही. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात येईल तेव्हा पडणारा. १९७२चा दुष्काळ अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असतो आणि २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते तर परवाचं. अशा ठिकाणी जे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही, त्याला कुणी पाणी म्हणत नाही. दिवाळीला आटतं ते डबकं. ते बुजवायचं, नाहीतर खोदून मोठं करायचं.

आणि आम्ही बघायला चाललो होतो ते नेमकं दिवाळीला आटणारं पाणी.

खुलताबादहून म्हैसमाळ बारा-तेरा किलोमीटर. हजार मीटरच्या वरचं पठार, गिरिजामातेचं देऊळ, दूरदर्शनचा मनोरा, रविवारी तरुण पोरांच्या मोटरसायकली आणि वाटेत मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका. पुढे फुलंब्रीकडे वाहत जाणारी गिरिजा नदी याच डोंगरांतून निघते. सणाचा दिवस असल्यानं गर्दी कमी होती. धुकं होतं, पाऊस नव्हता. सरांनी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि ज्या बाजूला बघण्यासारखं काही नाही असं कुणीही म्हणेल, त्या बाजूला चालायला लागले.

पठारावर माती म्हणजे नुसता थर. कुठं वीतभर, कुठं बोटभर, कुठं उघडा काळा कातळ. कातळ जिथं परातीसारखा खोलगट आहे तिथं पावसाचं पाणी साचतं, खाली मुरत नाही आणि पाऊस संपला की काही आठवड्यांत उडून जातं. सर अशाच एका परातीपाशी थांबले. लांबी अंगणाएवढी, खोली मधोमध घोट्यापर्यंत. त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, पालथे पडले आणि मलाही पडायला लावलं.

उभं असताना जे एकसारखं हिरवं दिसत होतं त्याचे पालथं पडल्यावर पट्टे झाले. सगळ्यात बाहेर, कोरड्या उंचवट्यावर, कुसळी. तिची कुसळं अजून काळी पडली नव्हती. तिच्या आत, माती नुसती ओलसर आहे तिथं, तेरडा आणि पिवळा कवला. मग चिखलाचा पट्टा: गेंदाची पांढरी बटणं, त्यांच्यात सीतेच्या आसवांची जांभळी फुलं, जी मुळाशी सूक्ष्म पिशव्या बाळगून पाण्यातले जीव खातात. आणि अगदी आत, उभ्या पाण्यात, एक बारीक गवत. त्याची खालची पानं पाण्यावर आडवी पसरलेली, वरची नुकतीच उभी राहायला लागलेली.

"हे कुठलं?"

"लोंबी आली नाही अजून. लोंबीशिवाय गवताचं नाव घ्यायचं नाही." हा त्यांचा नियम. पानावरून नाव सांगणारा माणूस एकतर फार मोठा असतो किंवा फार नवा, असं त्यांचं म्हणणं.

काठावरच्या एका गवताला मात्र त्यांनी लोंबीसकट धरलं. पान खोडापासून हळूच मागं ओढलं आणि सांधा भिंगाखाली धरला. "इथं बहुतेक गवतांना एक पातळ पापुद्रा असतो, नाहीतर केसांची झालर. याला काय दिसतंय?" काहीच दिसत नव्हतं. सांधा गुळगुळीत होता. "सावा," ते म्हणाले. "शेतात दिसला की उपटून फेकतात तो. आपण उपवासाला जी भगर खातो, तिच्यात वरई असते तसा सावाही असतो. तो पेरणीचा सावा याच्याच पोटी जन्मलाय. कुणा आजीनं हजारो वर्षांपूर्वी अशाच एखाद्या ओल्या काठावरून बी वेचलं असणार."

सावा काही दुर्मीळ नाही, तो चिवट आहे, कुठंही उगवतो. पण त्याच्या शेजारी पाण्यात उभी असलेली बारीक गवतं तशी नसतात. त्यांना ठरावीक खोलीचं पाणी, ठरावीक दिवस लागतं आणि नंतर ठरावीक कोरडेपणाही लागतो. वर्षायू गवताचा संसारच चार महिन्यांचा. आषाढात रुजायचं, भाद्रपद-आश्विनात फुलायचं, पाणी आटता आटता बी चिखलात टाकायचं आणि मरून जायचं. मे महिन्यात या गवताची खानेसुमारी करायला आलात तर आकडा शून्य. जे काही आहे ते वरच्या दोन-चार बोटं मातीत, बी होऊन.

म्हणूनच असं गवत संपलं हे कळायलाही उशीर लागतो. सरांनी तिथंच बसून हबार्डियाची गोष्ट काढली. मला ती तुटक माहीत होती. १९१९ साली सेजविक आणि बेल या दोन साहेबांनी, एक मुलकी अधिकारी आणि दुसरा जंगलखात्यातला, जोगच्या म्हणजे तेव्हाच्या गिरसप्पाच्या धबधब्यापाशी एक नाजूक गवत गोळा केलं. धबधब्याचे तुषार ज्या कातळावर पावसाळाभर उडत राहतात, त्यावर ते वाढायचं. वाळवून कागदाला चिकटवलेला तो नमुना तीसेक वर्षं बिननावाचा राहिला. १९५०च्या सुमारास नॉर्मन बोर यांनी तो तपासला. हे भारतात वनाधिकारी होते आणि इथल्या गवतांवरचा त्यांचा ग्रंथ आजही टेबलावर लागतो. बोर यांच्या लक्षात आलं की हे कुठल्याच ज्ञात प्रजातीत बसत नाही. त्यांनी नवी प्रजाती केली आणि इंग्लंडमधल्या क्यू उद्यानाचे गवततज्ज्ञ चार्ल्स हबर्ड यांचं नाव तिला दिलं: हबार्डिया हेप्टॅन्यूरॉन.

नाव मिळालं आणि पाणी गेलं. १९६४ मध्ये शरावतीवर लिंगनमक्कीचं धरण पूर्ण झालं. धबधबा आहे तिथंच राहिला, पण त्याचं वेळापत्रक आता विजेच्या मागणीवर ठरू लागलं. मी स्वतः जोग पाहिला तो उन्हाळ्यात. राजा, राणी, रोअरर, रॉकेट अशी चार नावं वाचली आणि समोर ओल्या रेघा असलेला कडा बघितला. पुढे त्या गवताचा शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही आणि ते नामशेष धरलं गेलं. ना कुणी कापलं, ना जाळलं, ना गुरांनी खाल्लं. फक्त पाण्याचं पंचांग बदललं.

मग ऐंशीहून अधिक वर्षांनी, या शतकाच्या सुरुवातीला, शिवाजी विद्यापीठाचे प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेच गवत महाराष्ट्रात, तिलारी घाटात, ओल्या कातळावर सापडलं. कोल्हापुरात विद्यापीठाच्या उद्यानात त्याची रोपं वाढवण्याचं कामही झालं. गवतवाल्या मंडळींत ही गोष्ट अजून गणपतीच्या आरतीसारखी म्हटली जाते. सरही ती सांगताना बसल्या जागी थोडे उंच झाले होते.

"पण ते तुषारातलं गवत, डबक्यातलं नाही," मी म्हणालो.

"हिशेब तोच. चार महिने ओल, आठ महिने कोरडं. दोन्ही पाहिजे. एक जरी काढून घेतलं तरी ते गेलं."

हाच हिशेब फार लांब, कॅलिफोर्नियातही आहे. तिथं हिवाळी पावसानं उथळ डबकी भरतात आणि उन्हाळ्यात कडकडीत वाळतात. त्यात ऑर्कट नावाचं गवत येतं. त्याचं बी पाण्याखालीच रुजतं, कोवळी पानं पाण्यावर तरंगतात आणि डबकं आटलं की ते वेगळ्या पानांनी उन्हाळा काढतं. घरं, द्राक्षमळे आणि रस्ते करताना तिथली बहुतेक डबकी सपाट झाली. १९९३ मध्ये अमेरिकी सरकारनं त्यातल्या एका जातीला कायद्यानं संकटग्रस्त ठरवलं. एक गंमत अशी, की काही ठिकाणी डबक्यांच्या रक्षणासाठी गुरं पूर्ण हटवली तेव्हा बाहेरून आलेलं गवत माजलं आणि डबकी लवकर आटू लागली. थोडी गुरं परत आणणं फायद्याचं ठरलं.

गुरांवरून आठवलं. आम्ही पालथे पडलेले पाहून एक गुराखी दादा बराच वेळ लांब उभा होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "काय हुडकायलात, साहेब? काही पडलं का?"

"गवत बघतोय."

"गवत?" त्यानं आपल्या सगळ्या गुरांकडे एकदा पाहिलं. "मंग उठून बघा की." पण नंतर तोच उकिडवा बसला आणि सरांना माहीत नसलेल्या दोन गोष्टी त्यानं सांगितल्या. एक म्हणजे हे मधलं बारीक गवत म्हशी पाण्यात उतरून आवडीनं खातात, गाई तोंड लावत नाहीत. दुसरी म्हणजे पलीकडच्या उतारावर असं मोठं डबकं होतं, ते यंत्रानं खोल केलं. तिथं आता हे गवत येत नाही. "तिथं आता लव्हाळं अन् पाणकणीस. त्यात म्हैस शिरत नाही. साप असतेत."

सरांनी वही काढून हे शब्दशः लिहून घेतलं. परत निघताना आम्ही ती जागा बघायला गेलो. पाणी भरपूर होतं, ढवळलेलं. कडा यंत्राच्या दातांनी कापलेल्या, भिंतीसारख्या उभ्या. पाणी आणि कोरडी जमीन यांच्या मध्ये जो रुंद, ओला, उतरता पट्टा असतो तो नव्हताच. जमीन संपली की थेट कमरेएवढं पाणी. सकाळी पालथं पडून मोजलेले पट्टे इथं कुठं बसणार? शिवाय खोदताना वरची माती उचलली जाते आणि गवताचं सगळं पुढचं वर्ष त्याच मातीत असतं. ती ट्रॅक्टरमधून कुणाच्या तरी शेतात पडते. शेताचं भलं होतं, हे खरंच. गाळ पडलेल्या रानाचं पीक मी पाहिलेलं आहे.

राज्यात जलयुक्त शिवार आलं, २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळं आलं, २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार आलं. या योजनांवर पाण्याच्या अंगानं पुष्कळ वाद झालेत आणि ते जाणकारांनी घालावेत. पण उथळ पाणी हीसुद्धा एक जागा आहे, तिथं कुणीतरी राहतं, हा विचार त्या वादातल्या कुठल्याच बाजूला आलेला मी वाचला नाही. खोल तेवढं चांगलं, यावर सगळ्यांचं एकमत.

दुपारी सरांच्या घरी जेवायला गेलो. मावशींनी, म्हणजे त्यांच्या आईनं, ऋषीची भाजी केली होती: माठ, भेंडी, दोडका, अळू, सुरण, मक्याचे तुकडे, वर चिंचेचा कोळ. तेल-फोडणी नाही. सोबत भगर. मावशींचा उपवास, आमचा नुसता जिव्हाळा. आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरल्या जमिनीतलं खायचं नाही. भाज्या परसातल्या. "अन् भगर?" सरांनी मुद्दाम विचारलं. "ती काय नांगराशिवाय येती?"

"आता काय करतूस, मिळत नाही," मावशी म्हणाल्या. "पयल्यांदा आपोआप उगवलेलंच खायचे म्हणं."

कोकणात या दिवशी अजून देवभात शोधतात. तो डबक्यांतून आपोआप येणारा रानतांदूळ. संस्कृतात त्याला नीवार म्हणायचे आणि ऋषींचं अन्न तेच. म्हणजे नांगर न लावता जगणाऱ्या गवताची आठवण वर्षातून एक दिवस ठेवायची सोय आपल्याकडे आहे. पण पंगतीत आता गवताच्या जागी वाण्याकडची पिशवी आलीय.

नीवाराची आणखी एक गोष्ट सर वर्गात हमखास सांगतात. १९६०-७०च्या दशकांत आशियातल्या भातशेतीवर एक विषाणूरोग आला. तपकिरी तुडतुडे तो पसरवायचे आणि रोपं खुजी, गवतासारखी होऊन जायची. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं सहा हजारांहून अधिक वाण तपासले. प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून आलेल्या नीवाराच्या एका नमुन्यात. या वर्षायू रानभाताला ओरायझा नीवारा हे शास्त्रीय नाव १९६५ मध्ये शर्मा आणि शास्त्री या भारतीय संशोधकांनी दिलेलं. गुरुदेव खुश आणि सहकाऱ्यांनी त्यातला गुण लागवडीच्या भातात आणला, १९७४ पासून तसे वाण निघाले आणि त्यांतला आयआर ३६ पुढे जगात सर्वाधिक पेरल्या गेलेल्या वाणांत गणला गेला.

गोष्ट खरी आहे आणि जोरदार आहे. तरी मला ती थोडी खटकते. म्हैसमाळवरच्या त्या बारीक गवतानं उद्या कुणाचं पीक वाचवलं नाही तर? म्हैस खाते एवढंच त्याचं प्रशस्तिपत्र राहिलं तर? सरांना मी तसं म्हणालो. ते हसले. "मला पटवायला ती गोष्ट लागत नाही. पण ग्रामसभेत काहीतरी घेऊन जावं लागतं."

ग्रामसभेचा विषय निघाला तसे सरांचे काका ताटावरून सरसावले. काका गावच्या राजकारणातून निवृत्त झालेत, असं फक्त तेच म्हणतात. "म्हणजे तुमचं म्हणणं, गाळ काढायचा नाही?"

"काढा ना, काका. तळं खोल करा. फक्त एका बाजूची कड तशीच सोडा. उतरती. तिथली वरची माती उचलू नका."

"कितीक सोडायची?"

"दहा-पंधरा फूट रुंद, एका अंगाला."

काकांनी भगरीवर आमटी घेतली. "सोडली समज. दिवाळीला ती कड कोरडी पडणार. कोरडी जागा मोकळी दिसली की पहिल्या वर्षी कुणी कडबा रचणार, दुसऱ्या वर्षी टपरी टाकणार, तिसऱ्या वर्षी सातबाऱ्यावर नाव लावायला धावणार. पाण्याखाली असलेली जागा कुणी खात नाही, म्हणून आम्ही खोल करतो. तुझ्या गवतासाठी त्या कडेवर राखण कोण बसणार, ते सांग."

सरांनी म्हशींचं नाव घेतलं. गुराख्यांचा चराईचा हक्क त्या कडेवर लिहून द्या, ते दुसऱ्या कुणाला बसू देणार नाहीत. काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि चराईची जुनी भांडणं कुठल्या गटाशी आहेत हे सांगायला सुरुवात केली. त्यात चार वाजले. माझी पाचची बस होती.